तोंड आलेल्या लेकरांची खाला

छावणीच्या बाजारात कमरोद्दीन टेलर कुठं बसतात हे कुणीही सांगेल. जवानांच्या वर्दीला फिटिंग करून देण्यात त्यांचा हात बसलेला आहे. पण अलीकडं त्यांच्या दुकानावर येणाऱ्या माणसांना वर्दी नको असते. हातात दवाखान्याची फाइल, कडेवर नाहीतर बोटाला धरलेलं लेकरू, लेकराच्या तोंडावर मास्क. कमरोद्दीन मशीनवरून मान वर करतात आणि म्हणतात, "खालाचं घर ना? मागच्या गल्लीत, निळं दार."

खाला, म्हणजे या लेकरांची मावशी, ही त्यांची बायको मेहरुन्निसा.

मेहरुन्निसानं उभी हयात स्वयंपाकात घातली. आधी सासरच्या मोठ्या खटल्यात, मग बरीच वर्षं एका शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात. तिचा मुलगा झीशान नोकरीसाठी पुण्याला गेला, सूनही गेली, आणि घराची पुढची खोली रिकामी पडली. खोली झाडायची, चादर बदलायची आणि दार लावून घ्यायचं, एवढंच काम उरलं. एक दिवस शेजारणीनं सांगितलं, की कॅन्सरच्या दवाखान्यात खेड्यापाड्यातून माणसं येतात, उपचार महिनोन् महिने चालतात आणि लेकरं घेऊन राहायला जागा मिळत नाही. मेहरुन्निसा नवऱ्याला म्हणाली, "खोली अशीच पडून आहे. कुणी आलं तर घरात आवाज तरी होईल." कमरोद्दीननं मान हलवली. ते कमी बोलतात.

पहिल्यांदा आली ती लासूर स्टेशनची सुलेखा आणि तिची मुलगी तनुजा. सुलेखाचा नवरा इंद्रजीत तिथल्या धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा. त्याला काम सोडून इथं राहणं शक्य नव्हतं, सुटी मिळाली की तो रेल्वेनं यायचा. तनुजा दुसरीत होती. रक्ताचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लहान मुलांचा हा आजार बहुतेक वेळा बरा होतो, पण उपचार लांबलचक आहेत, मधे सोडायचे नाहीत.

तनुजा बडबडी होती. पहिल्याच दिवशी तिनं खालाला विचारलं, "तुमच्या घरात टीव्ही कुठाय? आन् तुमची बकरी कुठाय?" बकरी नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. पण सकाळी खालानं मसुरीची खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा समोर ठेवला, तेव्हा तिनं वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि बकरीचा विषय मिटला. त्या दिवसापासून सुलेखा दवाखान्याच्या फेऱ्या करायची आणि खाला चूल सांभाळायची.

पहिले काही आठवडे बरे गेले. केस गळाले, पण तनुजानं ते मनाला लावून घेतलं नाही. कमरोद्दीननं तिला मऊ सुती कापडाची टोपी शिवून दिली, ती घालून ती गल्लीभर मिरवली. मग औषधाची नवी फेरी झाली, आधीपेक्षा कडक. घरी आल्यावर काही दिवसांनी तनुजा ताटावरून उठायला लागली. आधी भाकरी नको झाली, मग भात. बोलणंही कमी झालं.

मेहरुन्निसाला वाटलं, पोर हट्टाला पेटली. तिनं खिचडीवर खट्टा घातला, मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "एकच घास बेटा. खालाच्या हातचा."

घास तोंडात गेला आणि तनुजानं किंकाळी फोडली. दोन्ही हातांनी तोंड धरून ती आईकडं पळाली. सुलेखानं तिची हनुवटी वर करून उजेडाकडं फिरवली. ओठांना भेगा पडल्या होत्या. जीभ लालबुंद, गालाच्या आतून पांढरट जखमा, हिरड्या सुजलेल्या.

"तोंड आलंय पोरीचं," मेहरुन्निसा हळू आवाजात म्हणाली. तिच्या हातात ती वाटी तशीच होती. "अंगात गरमी झाली असेल. मधात सुहागा, तुमचा टाकणखार, कालवून बोटानं फिरवते, उतरेल."

"आमच्याकडं जाईचा पाला चघळाय देत्यात," सुलेखा म्हणाली. "पन हितं जाई कुठून आणायची?"

तनुजानं ओठ गच्च मिटून घेतले होते. कुणाचंही बोट ती तोंडाजवळ येऊ देईना. शेवटी सुलेखाच म्हणाली, "खाला, दवाखान्यातल्या गीता सिस्टरनी सांगितलंय, काय बी वेगळं दिसलं का फोन कर. आधी त्यांना इचारू."

सिस्टरनी फोनवर ताप आहे का ते विचारलं आणि लगेच घेऊन या म्हणाल्या. खालाही बरोबर गेली. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं, दुखण्याचं औषध लिहून दिलं. मग गीता सिस्टरनी दोघींना बाकावर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं.

"हे उष्णतेनं आलेलं तोंड नाही," सिस्टर म्हणाल्या. "कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशी मारणारं औषध आपण देतो. पण तोंडाच्या आतली त्वचाही अशीच भराभर नवी होत असते. औषधाला दोन्हींतला फरक कळत नाही. केस गेले ते याच्यामुळंच. औषध काम करतंय, त्याचा हा त्रास आहे. तुमच्या जेवणानं झालेलं नाही, खाला."

मेहरुन्निसानं पदर सारखा केला. हे शेवटचं वाक्य तिला ऐकायचंच होतं.

"मग सुहागा लावू का नको?"

सिस्टर हसल्या नाहीत. "नको. घासलं की तिथलं साल निघतं आणि जखमेतून जंतू थेट रक्तात जातात. एरवी रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना मारतात, पण आत्ता तनुजाच्या अंगात त्या फार कमी आहेत. म्हणून सुहागा नको, तुरटी नको, पाला नको. तोंडात काही लावायचं तर आम्ही दिलेलंच."

"कवर राहील हे?" सुलेखानं विचारलं.

"पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या की तोंडही भरून येतं. साधारण आठवडा, दोन आठवडे. तोवर तोंड स्वच्छ ठेवायचं, दुखणं कमी करायचं आणि पोटात पाणी जात राहील हे बघायचं."

मग त्यांनी एकेक गोष्ट करून दाखवली. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडं मीठ घालून तोंडात खेळवायचं आणि थुंकून टाकायचं. खाल्ल्यावर, झोपताना, दिवसातून चार-सहा वेळा. ब्रश सोडायचा नाही, पण अगदी मऊ घ्यायचा आणि आधी गरम पाण्यात बुडवून आणखी मऊ करायचा. तोही सोसेना तर ओला स्वच्छ गॉज बोटाला गुंडाळून हलक्या हातानं पुसायचं. ओठांना व्हॅसलिन. दुखण्याचं औषध जेवणाच्या अर्धा तास आधी, म्हणजे घास गिळता येतो. "पण औषध द्यायच्या आधी थर्मामीटर लावायचा," सिस्टर बोट वर करून म्हणाल्या. "औषधानं ताप झाकला जातो. ताप आला, पाणीसुद्धा गिळता येईना, लघवी कमी झाली, तोंडातून रक्त यायला लागलं, पोर पेंगायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. तडक इकडं."

रिक्षात बसल्यावर मेहरुन्निसानं सिस्टरनी सांगितलेलं खाण्याचं पथ्य बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "आंबट नको, तिखट नको, गरम नको, कडक नको. मग मी शिजवू काय?"

हा प्रश्न तिच्यासाठी लहान नव्हता. तिच्या हाताला फोडणी, लाल तिखट, चिंच, हिरवी मिरची यांची सवय. शाळेतली खिचडीसुद्धा ती लसणाची फोडणी दिल्याशिवाय उतरवायची नाही. आता ती ओट्यापुढं उभी राहिली आणि मसाल्याच्या डब्याला हात न लावता स्वयंपाक सुरू केला.

पहिला प्रयोग मुगाच्या वरणाचा. मऊ शिजवलं, घोटलं, पण तनुजाला डाळीचे कण टोचले. दुसऱ्यांदा गाळून घेतलं, तर ते गरम होतं. बटाटा उकडून, तूप घालून लोण्यासारखा केला, तेव्हा दोन चमचे गेले. साबुदाण्याची पातळ खीर गार करून दिली, तीही थोडी गेली. केळं कुस्करून दुधात घातलं, ते जिभेला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तेच चाललं. कालचं चाललेलं आज चालेलच असं नव्हतं.

खाला प्रत्येक पदार्थ आधी कमरोद्दीनला द्यायची. ते खायचे आणि म्हणायचे, "याला काही चवच नाही."

"म्हणजे बरोबर जमलं," खाला म्हणायची आणि वाटी घेऊन आत जायची.

अखेर रस्ता सुलेखालाच सापडला. तिच्या माहेरी बाळंतिणीला ज्वारीच्या पिठाची पातळ पेज द्यायचे. तिनं पीठ पाण्यात कालवलं, मंद आचेवर शिजवलं, दूध आणि साखर घातली, मग खालाच्या गाळणीतून ते दोघींनी मिळून गाळलं. माठाजवळ ठेवून गार केलं. तनुजानं स्ट्रॉ गालाच्या कमी दुखणाऱ्या बाजूला धरली आणि हळूहळू अर्धा पेला संपवला. दोघी बायका तिच्याकडं बघत दारात उभ्या राहिल्या.

"पोरी, तू तर उस्ताद निघालीस," खाला म्हणाली.

"गाळणी तुमची," सुलेखा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

खाण्याचं असं थोडंफार जमलं, पण तनुजा बोलायची बंद झाली होती. जीभ हलवली की दुखायचं. कुठं दुखतंय, किती दुखतंय, काही सांगता यायचं नाही. विचारलं की ती भिंतीकडं तोंड फिरवायची. एका दुपारी कमरोद्दीन जेवायला घरी आले ते खिशात कापडाचे तुकडे घेऊन. त्यांनी ते तनुजाच्या उशाशी मांडले.

"बोलू नको," ते म्हणाले. "हा हिरवा, वर्दीचा. ठीक असलं की हा ठेवायचा. पिवळा म्हणजे दुखतंय. लाल म्हणजे लई दुखतंय. समजलं?"

तनुजानं तुकडे हातात घेऊन पाहिले आणि पिवळा उशीवर ठेवला. मग त्यांच्या खिशातून लोंबणारा एक निळा तुकडा ओढून घेतला आणि त्यांच्याकडं प्रश्नार्थक पाहिलं.

"हा? हा तुझा. तूच ठरव."

ती विचारात पडली. मग निळा तुकडा पिवळ्याशेजारी ठेवून तिनं कमरोद्दीनच्या तोंडाकडं बोट दाखवलं.

"तिला म्हणायचंय, तुम्ही बोला," सुलेखा म्हणाली.

कमरोद्दीन अडचणीत आले. त्यांना गोष्टी येत नव्हत्या. पण पोर बघत बसली होती, म्हणून त्यांनी एका जवानाची हकीकत सांगितली. तो सुटीला गावी गेला, महिनाभर आईच्या हातचं खाल्लं आणि परत आला तेव्हा वर्दीची बटणं लागेनात. दुसऱ्या दिवशी परेड. "मी शिलाई उसवतोय आणि तो तिथंच दुकानात उभा राहून पोट आत ओढतोय," ते म्हणाले. तनुजाला हसता येत नव्हतं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले आणि खांदे हलवले. त्यानंतर रोज दुपारी निळा तुकडा उशीवर असायचा. घरात कधी न बोलणारा माणूस गिऱ्हाइकांच्या हकीकती आठवून आठवून सांगायला लागला. मेहरुन्निसा स्वयंपाकघरातून ऐकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यातल्या निम्म्या हकीकती तिलाही नव्या होत्या.

तो दिवस शुक्रवारचा होता. दुपार टळत आली होती. इंद्रजीत संध्याकाळच्या गाडीनं येणार होता. सुलेखा कपडे वाळत घालत होती. औषधाची वेळ झाली म्हणून खाला थर्मामीटर घेऊन आत गेली, तर तनुजाच्या हातात लाल तुकडा होता आणि डोळे अर्धवट मिटलेले. सकाळपासून पेज तशीच पेल्यात होती. थर्मामीटरचा आकडा बघून खालानं सुलेखाला हाक मारली.

सुलेखानं लेकीच्या कपाळाला हात लावला. "ताप हाय थोडा. आत्ता हे येतीलच. आल्यावर समदे मिळून जाऊ. मला एकटीला तिथं काय सुचत नाय, खाला."

"एकटी कशी? मी आहे की," मेहरुन्निसा म्हणाली. "तो सरळ दवाखान्यात येईल. सिस्टर काय म्हणाल्या होत्या? वाट बघायची नाही. उठ बेटा, फाइल घे."

सुलेखा अजून घड्याळाकडं बघत होती. मग खालानं स्वतःच तनुजाला चादरीत घेतलं आणि दारात जाऊन उभी राहिली. तिला बघून सुलेखाला बळ आलं. तिनं फाइल घेतली, चप्पल घातली. त्यांना गल्लीतून येताना बघून कमरोद्दीननं दुकानासमोर रिक्षा थांबवली, अर्धी शिवलेली पँट मशीनवर तशीच सोडली आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. सुलेखानं रिक्षातूनच नवऱ्याला फोन केला.

दवाखान्यात पोचल्यावर सगळं भराभर झालं. रक्त घेतलं, सलाइन लावलं, अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टरांनी तोंड तपासलं. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग होते. ती बुरशी आहे असं त्यांनी सांगितलं आणि तिचंही औषध दिलं. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या.

"लवकर आणलंत," डॉक्टर सुलेखाला म्हणाले. "आता आम्ही बघतो. तुम्ही काहीतरी खाऊन घ्या."

इंद्रजीत स्टेशनवरून धावतच आला. हाताला अजून गोणीच्या सुतळीचे वळ होते. लेक झोपलेली बघून त्यानं भिंतीला पाठ टेकली. कमरोद्दीन त्याच्यासाठी चहा घेऊन आले. चहा पिऊन होईपर्यंत ते एकमेकांशेजारी नुसते उभे राहिले.

ताप उतरायला वेळ लागला. मग उतरला तो उतरलाच. वॉर्डात एका वेळी एकालाच राहता यायचं, म्हणून सुलेखा आत असायची आणि खाला सिस्टरना विचारून, डबा झाकून, गार पेज आणि उकडलेला बटाटा पाठवायची. तपासणीत पेशी वाढताना दिसू लागल्या. तोंडाच्या जखमा कडेनं गुलाबी व्हायला लागल्या. एका सकाळी सुलेखा लेकीच्या ओठांना व्हॅसलिन लावत होती, तेव्हा तनुजानं तोंड उघडलं आणि कितीतरी दिवसांनी पहिलं वाक्य बोलली.

"आय, तू लई घोरती."

सुलेखानं ही गोष्ट फोन करून खालाला सांगितली, खालानं दुकानात जाऊन कमरोद्दीनला सांगितली, आणि कमरोद्दीननं त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली.

पुढच्या फेऱ्यांत तोंड पुन्हा आलं, पण तितकं नाही. आता त्यांना माहीत होतं. कीमोच्या आधीपासूनच मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू व्हायच्या, दातांच्या डॉक्टरांनी एक किडका दात आधीच बघून घेतला होता, आणि तनुजा स्वतःच आरशात जीभ बाहेर काढून बघायची. "आज गुलाबी हाय," असं सांगायची, किंवा "हितं एक यायलंय." कडक औषधांचा टप्पा संपला, मग गोळ्यांचा सुरू झाला, आणि मायलेकी लासूरला परत गेल्या. महिन्यातून एकदा तपासणीला येतात तेव्हा खालाकडंच उतरतात.

खोली रिकामी राहिली नाही. सुलेखानंच वॉर्डातल्या एका बाईला पत्ता दिला, त्या बाईनं आणखी कुणाला. आता कुणी लेकरू घेऊन आलं की खाला सामान आत ठेवून देते, पाणी देते आणि विचारते, "तोंड कसंय? गिळता येतंय का?" आई रडवेली झाली तर तिला ओट्यापाशी नेऊन गाळणी हातात देते. उपाय विचारले की मात्र ती स्वतःहून काही सांगत नाही. "सिस्टरना फोन लाव. मी स्वयंपाक करते, औषध नाही." तिच्या शेगडीच्या एका बाजूला कमरोद्दीनची झणझणीत भाजी असते आणि दुसऱ्या बाजूला फिकं, मऊ, गार व्हायला ठेवलेलं काहीतरी. दोन्हींतल्या चमच्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून ती दटावत असते. दटावायला घरात माणसं आहेत, याचं तिला समाधान आहे.

तनुजा पुन्हा शाळेत जायला लागली, तेव्हा इंद्रजीतनं फोन केला. "चाचा, खालाला घेऊन रविवारी या. नाय म्हनू नका." दोघं पॅसेंजरनं निघाले. मेहरुन्निसा लासूरला कधी गेली नव्हती. स्टेशनवर तनुजा उभी होती. डोक्यावर बारीक कुरळे केस आले होते, आणि घरी पोचेपर्यंत ती बोलत होती. शाळेतल्या बाईंबद्दल, मैत्रिणीबद्दल, मोंढ्यातल्या कुत्रीला झालेल्या पिलांबद्दल.

घर लहान आणि सारवून स्वच्छ केलेलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चटई. सुलेखानं भरली वांगी, बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. भाकरी थापण्याचा आवाज ऐकून मेहरुन्निसा सवयीनं उठली आणि चुलीकडं निघाली.

"बसा खाला," सुलेखा आतून म्हणाली. "आज तुम्ही उठायचं नाय."

"अगं, मी नुसतं भाकरी उलटते."

"नाय म्हनलं ना. बसा."

इंद्रजीतनं ताट पुढं केलं. मेहरुन्निसा बसली. ताट आपल्यापुढं येतंय आणि आपण कुणाला वाढायचं नाही, असं तिच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं. सुरुवातीला तिला हात कुठं ठेवावा कळेना. मग तिनं भाकरी मोडली. सुलेखा गरम भाकरी आणून टाकत राहिली, इंद्रजीत वांगी वाढत राहिला, आणि तनुजा शेजारी बसून स्वतःच्या ताटातलं भराभर संपवत, तोंड भरलेलं असतानाच बोलत राहिली. तिला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. कापसाची शेतं मागं जात होती. कमरोद्दीननं बायकोकडं पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती.

"थकलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मेहरुन्निसा म्हणाली. "पोट भरलंय."